खुंटीच्या जागचं भोक

या, जवळ येऊन बसा. मागे कोणी उभं असेल तर त्यालाही हाताला धरून पुढे आणा, कारण ही गोष्ट लांबून ऐकायची नाही, कान लावून ऐकायची आहे. राजाराणी नाहीत हिच्यात. एका भिंतीतलं भोक आहे, आणि त्या भोकावर तळहात ठेवून उभी राहिलेली एक म्हातारी आहे. गोष्ट संपली की एक मागणं मागायचं आहे तुमच्यापाशी. ते शेवटी.

एक इमारत होती. गरिबाला परवडेल असं घर द्यायचं म्हणून गृहनिर्माण मंडळाने बांधलेली, आणि परवडावं म्हणून जिथे हात आखडता येईल तिथे आखडलेला. भिंती पातळ, गिलावा त्याहून पातळ, आणि खिडक्या अशा की बंद केल्या तरी पडदे हलत राहायचे. थंडीत हीटर लावावा तर निम्मी ऊब घरात आणि निम्मी रस्त्यावर. 'आम्ही रस्त्यालाही ऊब देतो, पुण्य लागतंय,' असं तिथली माणसं म्हणत आणि मोज्यांवर मोजे चढवत. वरच्या मजल्यांचं एवढ्यावर भागायचं. तळमजल्यावर मात्र भिंतींना पाणी सुटायचं. कपाट भिंतीला टेकवलं की त्याच्या पाठीला बुरशी.

इमारतीला जिने दोन, आणि दोन जिन्यांच्या मधे खालपासून वरपर्यंत एकच भिंत. अलीकडची माणसं पहिल्या जिन्याने चढायची, पलीकडची दुसऱ्या. भिंतीला भिंत लागून असूनही पलीकडे जायचं तर जिना उतरा, इमारतीला वळसा घाला आणि पुन्हा जिना चढा. त्यामुळे एका जिन्याचं दुसऱ्या जिन्याशी देणंघेणं नव्हतं. पलीकडच्यांचा आवाज तेवढा यायचा, आणि तो कोणालाच आवडायचा नाही.

पहिल्या जिन्यावर, सगळ्यात वर, थोरली राहायची. त्याच भिंतीच्या पलीकडे धाकटी. दोघी सख्ख्या जावा. दोघींचे केस पांढरे झाले, दोघींचे नवरे देवाघरी गेले, तरी अख्खी इमारत त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणायची. धाकटी सत्तरीला टेकली होती, पण नाव पडलं ते पडलं.

आता भोक कसं पडलं ते ऐका. दोघींचे नवरे सुतार, एकाच बापाच्या हाताखाली शिकलेले. बापाची शिकवण अशी, की नव्या घरात शिरलं की आधी खुंटी ठोकायची, मग बाकीचा पसारा लावायचा. खुंटीची जागाही बापाने ठरवून दिलेली. चौकटीपासून चार विती, आणि खांद्याच्या वर एक बोट. दमून आलेल्या माणसाला हात उंच करायला लागू नये, म्हणून. घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी दोघे भाऊ आपापल्या घरात शिरले, दोघांनी चौकटीपासून विती मोजल्या, दोघांनी छिन्नी टेकवली. घरं आरशातल्यासारखी, ह्याचं डावं ते त्याचं उजवं. वीत दोघांचीही बापावर गेलेली. आणि भिंत मंडळाची. थोरल्याने ठोका घातला, खपली पडली, आणि पलीकडून त्याच्याकडे भावाचा डोळा बघत होता.

"तू काय करतोयस इथे?" थोरला म्हणाला.

"खुंटी ठोकतोय."

"मग मी काय ढोल बडवतोय?"

गावभराची दारं-खिडक्या केसभरही न चुकता बसवणारे दोन सुतार, आणि पहिल्याच दिवशी आपल्याच भिंतीला मूठ जाईल एवढं भगदाड पाडून बसले. हसून हसून दोघांच्या बरगड्या दुखल्या. उद्या बुजवू म्हणाले. पण त्याच संध्याकाळी थोरलीकडचं मीठ संपलं, आणि तिने सहज भोकात तोंड घालून हाक मारली, तर पलीकडून कागदाच्या पुडीत मीठ आलं. मग बुजवायचं राहिलं ते राहिलंच. खुंट्या दुसरीकडे गेल्या. पुढे त्या भोकातून काय काय गेलं. औषधाच्या गोळ्या गेल्या, सुईदोरा गेला, रुसवे गेले आणि समजुतीही. आणि दोघे भाऊ एकामागोमाग गेले तेव्हा त्या भोकाला दोन्हीकडून दोन कपाळं टेकून होती.

आता धाकटीच्या पायांतलं बळ सरलं होतं. पलंगापासून न्हाणीपर्यंत जायचं तरी भिंतीला धरून. म्हणून पलंग भोकाखालीच हलवलेला. सकाळी थोरली उठली की आधी भोकापाशी जायची, मग देवापाशी. ह्यात देवाला राग येत नाही अशी तिची खात्री होती.

"उठलीस का गं?"

"उठलेय, जाऊबाई."

एवढं झालं की दिवस सुरू. आणि दिवेलागणीला थोरली भोकाजवळ स्टूल ओढून देवाचं गाणं म्हणायची. धाकटीला ओळी पाठ राहत नसत, पण ध्रुपद मात्र ती पक्कं धरायची. थोरली कडवं म्हणून थांबली, की भिंत ध्रुपद म्हणायची. नवखा माणूस जिन्यावरून जाताना दचकायचा.

मागच्या थंडीत धाकटी न्हाणीच्या दारात पडली. फोन टेबलावर, ती जमिनीवर. आवाज तरी केवढा, मांजराच्या पिल्लाएवढा. तो त्या भोकाने ऐकला. थोरली जिना उतरून, वळसा घालून, दुसरा जिना चढून गेली आणि माणसं गोळा केली. तेव्हापासून कोणी म्हणालं, "अहो, तिला फोन गळ्यात अडकवायला सांगा," की थोरली म्हणायची, "सांगितलंय. गळ्यात अडकवते आणि अंघोळीला जाताना काढून ठेवते. भोक काढून ठेवता येत नाही."

अशात त्या योजनेचा फलक लागला. फलकावर चार चिन्हं होती: मंडळाचं, वीज कंपनीचं, बँकेचं आणि एका सेवाभावी संस्थेचं. फलकापाठोपाठ मंडळाचे एक साहेब आले. त्यांच्या जाकिटावरही तीच चार चिन्हं. जिन्यातल्या माणसांनी त्यांचं नाव लगेच चारचिन्हे ठेवलं.

चारचिन्हे पहिल्या जिन्याच्या पायऱ्यांपाशी उभे राहून बोलले. माणूस वाईट नव्हता. ही चौघांची भागीदारी आहे, म्हणाले. घरं मंडळाची, कामगार मंडळाचे आणि वीज कंपनीचे, भांडवल बँकेचं, देखरेख संस्थेची. भिंतींना बाहेरून जाड ऊबदार थर लावणार, खिडक्यांना दुहेरी काचा, दारांना रबरी पट्ट्या. विजेचं बिल घटेल, आणि घटलेल्या बिलातूनच बँकेचं फिटत जाईल. तुमच्या खिशाला हात नाही.

सगळ्यात आधी हात वर केला तो थोरलीने. हे ध्यानात ठेवा. पुढे तिला जे म्हणायचं ते लोक म्हणाले, पण हो म्हणणारी पहिली तीच.

"अट एकच," चारचिन्हे म्हणाले. "आधी फटी बुजवायच्या आणि मग प्रत्येक घराची हवेची चाचणी. गळक्या घराला कितीही गुंडाळलं तरी फुकट. म्हणून अख्खा जिना पास झाला तरच पुढचं काम. एक घर नापास, तर जिना नापास."

तळमजल्यावरचा बसवाला मागे उभा होता. तो शहराची बस चालवायचा. त्याची धाकटी मुलगी थंडी लागली की खोकायला लागायची ती उन्हाळा येईपर्यंत. तो म्हणाला, "साहेब, नापास कोण होतंय बघतोच मी." लोक हसले. थोरलीही हसली.

चाचणीला आली ती एक तरुण मुलगी. तिच्याजवळ एक भलामोठा पंखा. दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवायचं, त्यात पंखा लावायचा, आणि घरातली हवा बाहेर ओढायची. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. हातातल्या नळीतून ती धुराची बारीक रेघ सोडायची आणि रेघ हलली की फट सापडायची. अर्ध्या दिवसात ती सगळ्यांची पंखेवाली झाली.

थोरलीकडे पंखा लावला. खिडकीपाशी धूर थोडा लवला, रबरी पट्टी बसली की थांबेल, पंखेवाली म्हणाली. मग ती भोकापाशी गेली, आणि धूर असा उलटा फिरला की तिच्याच डोळ्यांत गेला. पाठोपाठ भोकातून फडफडत एक रुमाल आला आणि तिच्या नाकावर बसला.

"जाऊबाई," पलीकडून आवाज, "तुमच्याकडे वादळ सुटलंय का? माझा रुमाल पळवला."

पंखेवाली हसली. चारचिन्हे हसले नाहीत. "हे काय आहे?"

"भोक," थोरली म्हणाली.

"ते दिसतंय. कशासाठी?"

"बोलायला."

चारचिन्ह्यांनी मागे बघून मान हलवली. फोमवाला पुढे आला. त्याच्या हातात लांब नळीची पिचकारी होती, चाप दाबला की पिवळा फेस फुगत जाणार आणि दगड होऊन बसणार. जिन्यातली सगळी भोकं त्याने तशीच बुजवत आणली होती.

थोरली उठली, भोकापाशी गेली, आणि त्यावर तळहात ठेवून उभी राहिली.

"हे राहू दे," ती म्हणाली.

"आजी, हाताला लागेल फेस."

"लागू दे."

"आजी, हे बघा," चारचिन्हे समजुतीने म्हणाले, "घर म्हणजे डब्यासारखं बंद झालं पाहिजे."

"डब्यात माणूस ठेवत नाहीत साहेब. भिंत गरम करा, मी पाया पडेन तुमच्या. बहिरी करू नका."

पंखेवाली पंखा सोडवता सोडवता हळूच म्हणाली, "सर, पलीकडच्या घरातही त्याच वेळी पंखा लावला, तर..."

"हा जिना मंडळाच्या पथकाकडे, पलीकडचा वीज कंपनीच्या," चारचिन्हे म्हणाले. "त्यांचा पंखा वेगळा, वार वेगळा." आणि जिना उतरता उतरता दारात थांबून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात फेरचाचणी. शेवटची. तेव्हाही हे असंच असेल तर हा जिना यादीतून गेला. आणि पलीकडच्या बाईंचं घरही ह्याच भोकामुळे नापास होणार, म्हणजे तोही जिना गेला."

झालं. संध्याकाळपर्यंत दोन्ही जिन्यांना कळलं की आपली ऊब एका भोकातून चाललीय. लोक वर यायला लागले. काही गोड बोलले, काही तिखट. दुसऱ्या मजल्यावरची शिवणकामवाली म्हणाली, "दोन म्हाताऱ्यांच्या गप्पांसाठी आम्ही कुडकुडायचं का?"

"कुडकुडू नकोस," थोरली म्हणाली. "माझी शाल घेऊन जा. भोक मिळणार नाही."

मग बसवाला आला. तो भांडायला आलाच नव्हता. खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"काकू, काल रात्रभर झोपली नाही ती," तो म्हणाला. "पाठ थोपटत बसलो होतो. भिंतीला हात लावला तर हात ओला."

"मला ठाऊक आहे रे."

"मी तुम्हाला बुजवा म्हणत नाही. तुमच्या जागी मी असतो तर... खरं सांगू? मी बुजवलं असतं."

"तू बुजवलं असतंस, कारण तुझं माणूस तुझ्याच खोलीत झोपतं," थोरली म्हणाली. "माझं पलीकडे झोपतं. काय करू सांग. तुझी पोर का माझी धाकटी, असं विचारतायत मला हे. आणि तुला वाटतं मी उत्तर देऊ? मी त्या प्रश्नालाच हो म्हणत नाही. दोघींना ऊब मिळाली पाहिजे आणि भोकही राहिलं पाहिजे."

"असं कसं होईल काकू?"

"ते मला काय ठाऊक. मी काय साहेब आहे?"

तो उठला. दारात थांबून त्याने भोकाकडे बघितलं. पलीकडून काहीच आवाज नव्हता, पण ऐकलं जात होतं, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या सकाळी थोरलीने भोकाला तोंड लावलं. "उठलीस का गं?"

काही नाही.

"धाकटे. उठलीस का?"

काही नाही. तिने भोकात हात घातला, तर पलीकडे मऊ काहीतरी लागलं.

मग काय झालं असेल तुम्हीच बघा डोळ्यांपुढे. गुडघे दुखणारी बाई, पायांत चप्पल एकच, जिना उतरतेय, कठड्याला धरून देवाचं नाव घेतेय, आणि मधेच देवाला दमही देतेय की तिला काही झालं असेल तर तुझ्याशी माझं बोलणं बंद. वळसा घातला. दुसरा जिना चढली. जवळच्या किल्लीने दार उघडलं.

धाकटी पलंगावर बसली होती. धडधाकट. चहाचा कप हातात. आणि भोकात उशी कोंबलेली.

थोरली दाराला टेकून धापा टाकत राहिली. 

"सराव करत होते," धाकटी म्हणाली. "तुमच्याशी न बोलण्याचा."

"सराव."

"काल त्याचं बोलणं ऐकलं मी. पोरीचं. माझ्यापायी दोन जिने गारठणार म्हणजे काय. मी किती दिवसांची, जाऊबाई?"

थोरली पुढे आली, उशी उपसली आणि ती धाकटीच्या मांडीवर आपटली. "तुझे दिवस मोजायचं काम तुला कोणी दिलंय? ज्याचं आहे तो वर बसलाय आणि त्याला घाई नाही. आणि ऐक. पुन्हा सराव केलास ना, तर खाली बसवाल्याला सांगेन की धाकटी चहात बिस्किटं बुडवून पडली की चमच्याने काढून खाते आणि वर म्हणते मी काही खाल्लं नाही."

धाकटी हसली, आणि हसता हसता रडली. थोरलीने तिच्याच कपातला उरलेला चहा प्यायला आणि तिथेच बसून ठरवलं. आतापर्यंत ती हट्ट करत होती. आता ती लढणार होती.

फेरचाचणीच्या दिवशी चारचिन्हे, पंखेवाली आणि फोमवाला वर आले तेव्हा थोरली भोकाला पाठ लावून स्टुलावर बसलेली होती. दारात जिन्यातली माणसं. बसवाला पुढे, कामावर जायच्या कपड्यांत.

"आजी, ठरलं का?" चारचिन्हे म्हणाले.

"ठरलं. मला एक विचारायचंय. माझी हवा ह्या भोकातून कुठे जाते?"

"बाहेर."

"बाहेर नाही साहेब. माझ्या जावेकडे जाते. ती काय रस्त्यावर राहते? तिच्याकडची ऊब इकडे येते, माझी तिकडे. घरातल्या घरात राहते. ह्याला तुम्ही गळती म्हणता?" तिने पंखेवालीकडे वळून बघितलं. "मुली, त्या दिवशी तू काहीतरी म्हणत होतीस आणि तुला बोलू दिलं नाही. आता बोल."

पंखेवालीने साहेबांकडे बघितलं. मग पंखा खाली ठेवला. "आजी म्हणतात ते खरंय सर. बाहेर जाणारी हवाच मोजायची असते. दोन्ही घरांत एकाच वेळी पंखे लावले आणि दोन्हीकडे सारखा दाब ठेवला, तर भोकातून हवा इकडून तिकडे जाणारच नाही. मग कळेल, घर खरंच किती गळतं. ही पद्धत आहे, मी नवीन काही सांगत नाहीये. फक्त दोन पंखे लागतात."

"आपल्याकडे एक आहे."

"दुसरा आज पलीकडच्या जिन्यावरच आहे सर. एरवी वार वेगळा, पण त्यांचीही फेरचाचणी आजच आलीय."

"तो वीज कंपनीचा आहे," चारचिन्हे म्हणाले. "त्यांच्या पथकाला मी हुकूम देऊ शकत नाही. पत्र पाठवायला लागेल. मंडळातून कंपनीत, कंपनीतून..."

थोरलीने त्यांच्या जाकिटाकडे बोट केलं.

"हे दुसरं चिन्ह कोणाचं?"

चारचिन्ह्यांनी खाली बघितलं.

"वीज कंपनीचंच ना? छातीवर एकमेकांना चिकटून बसलेत आणि एका इमारतीत एकमेकांशी बोलत नाहीत. मग भागीदारी म्हणता ती कसली? आम्ही दोघी जावा आहोत साहेब. जावांचं पटत नाही असं जग म्हणतं. आम्ही मुठीएवढ्या भोकातून आयुष्य काढलं. तुम्हाला एवढा मोठा जिना आहे, जा की उतरून. नाहीतर मी इथे बसलेय. फोम मारायचाय तर माझ्यासकट मारा. पिवळा रंग मला शोभत नाही, पण मी सोसेन."

जिन्यात कोणीतरी फिसकन हसलं.  आणि मग ज्याच्याकडून कोणाला अपेक्षा नव्हती तो बोलला. बसवाल्याने टोपी डोक्यावर चढवली.

"साहेब, पत्र राहू द्या. मी आणतो."

"तुम्ही कोण आणणारे?"

"मी रोज अख्खं गाव इकडून तिकडे नेतो. एक पंखा नेता येणार नाही? तुम्ही फक्त चला माझ्याबरोबर आणि हो म्हणा." आणि थोरलीकडे बघून म्हणाला, "दोघींना म्हणाला होतात ना काकू. बघू या होतंय का."

मग जे झालं ते त्या इमारतीत कधी झालं नव्हतं. पहिल्या जिन्याची माणसं उतरली, वळसा घालून दुसऱ्या जिन्याला लागली. पलीकडचे आधी दारं लावायला लागले, मग काय भानगड म्हणून उघडायला लागले. वीज कंपनीचा पंखेवाला चहा पीत बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो, करता येतं की. आम्हाला कोणी विचारलंच नाही." शिवणकामवालीने लाल कापडाचं एक टोक धरलं. चारचिन्हे मधोमध उभे राहून दोन ठिकाणी फोन करत होते, आणि दुसऱ्या फोनला त्यांचा आवाज जरा चढला. "आहे जबाबदारी माझी," असं काहीसं म्हणाले. त्या क्षणी त्यांचं जाकीट त्यांना बसल्यासारखं दिसलं.

दोन्ही दारांत दोन पंखे. थोरलीच्या घरात पंखेवाली आणि थोरली, पलीकडे तो पंखेवाला आणि धाकटी. दोन्ही पंखे सुरू झाले, आणि असा घोंघाट उठला की कानाला लावलेल्या फोनमधलं अक्षर ऐकू येईना. पंखेवाली फोनमध्ये ओरडली, पलीकडचा ओरडला, कोणालाच काही कळलं नाही. दाब तर दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. ह्याने वाढवला की तिने वाढवायचा, तिने थांबवला की ह्याने थांबायचं.

थोरली उठली आणि भोकाला तोंड लावलं.

"धाकटे. त्यांना सांग, थोडा कमी करा."

"कमी केला, जाऊबाई."

"एवढा नाही. ही म्हणतेय किंचित वाढवा."

"किंचित म्हणजे केवढा, विचारतायत."

"चिमूटभर. मीठ द्यायचीस तेवढा."

"केला."

पंखेवालीचे डोळे यंत्रावर होते. आकडे हलले, हलत हलत मंदावले. तिने हात वर केला. थोरलीने भोकात म्हटलं, "आता तसंच धरून ठेव. ध्रुपद धरतेस तसं."

मग पंखेवालीने नळी उचलली आणि भोकापुढे धुराची रेघ सोडली. दारातली माणसं श्वास रोखून. त्या दिवशी जो धूर डोळ्यांत घुसला होता तो आज सरळ वर गेला. ना इकडे लवला, ना तिकडे. वारा नसलेल्या देवघरात उदबत्तीचा धूर उभा राहतो, तसा त्या भोकासमोर उभा राहिला. थोरलीने नकळत हात जोडले.

खिडकीच्या पट्ट्या तेवढ्या पुन्हा घट्ट कराव्या लागल्या. दोन्ही घरं पास झाली. मागे भिंतीपलीकडच्या आवाजांना नाकं मुरडणाऱ्या दोन्ही जिन्यांनी एकाच वेळी गलका केला.

चारचिन्हे जायला निघाले आणि थांबले. "आजी, एक मात्र आहे. आग लागली तर भोकातून धूर जाईल. तिथे लोखंडी झाकण लागेल, दोन्ही बाजूंनी. त्यात सूट नाही."

थोरलीने विचार केला. "झाकण चालेल. कडी दोन्हीकडे पाहिजे. कुलूप चालणार नाही."

"कुलूप नाही."

"आणि खुंटीच्या जागेवरच बसवा. बोटभर खाली नको."

थंडीच्या आधी भिंतींना जाड थर चढला. तळमजल्यावर कपाट पुन्हा भिंतीला टेकलं, आणि हळूहळू त्याची पाठ कोरडी राहायला लागली. बसवाल्याची पोर त्या वर्षीही खोकली, पण थोडी, आणि झोपली. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी थोरलीने झाकण उघडलं.

"उठलीस का गं?"

"उठलेय. आणि जाऊबाई, चमत्कार सांगू का? पांघरूण लाथाडलं मी रात्री."

"पायांत बळ आलं म्हणायचं."

धाकटीने त्या उबेत आणखी दोन हिवाळे काढले. गेली तीही दिवेलागणीलाच. थोरली कडवं म्हणून थांबली, आणि भिंत गप्प राहिली. थोरलीने वळसा घातला, पण धावली नाही. तिला कळलं होतं. पलंगावर धाकटी भिंतीकडे तोंड करून निजली होती, झाकण उघडं, हात भिंतीला टेकलेला. खोली ऊबदार होती.

महिन्याभराने मंडळाचा माणूस आला. पलीकडच्या घरात नवीन भाडेकरू येणार, म्हणाला. आता बुजवून टाकू या का? आता तर कोणी नाही.

थोरली खुर्चीतून उठलीही नाही. "कोणी येणार आहे म्हणालास ना आत्ता?"

"हो, पण ओळखीचं नाही आजी."

"आम्ही लग्न होऊन आलो तेव्हा मी तरी तिला कुठे ओळखत होते? येऊ दे त्यांना. सामान लावू दे. मग सकाळी मी विचारीन, उठलात का. त्यांना नको असेल तर तसं ते माझ्या तोंडावर सांगतील. तू कोण सांगणारा?"

तो माणूस गेला. भोक अजून आहे.

तर गोष्ट एवढीच, आणि मागणं एवढंच. आज ना उद्या तुम्ही कुठे देवाच्या गाण्याला बसाल. गाणारा कडवं संपवून क्षणभर थांबेल, आणि सगळे मिळून ध्रुपद धरतील. त्या क्षणभरात धाकटीची आठवण काढा. ओळी तिला कधी पाठ झाल्या नाहीत. पण ध्रुपद धरण्याची जागा तिची होती.